ड्यूकला उतार कुठे दिसला

आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, हा माणूस आपल्याकडे अर्धाच शिकवला जातो. 1803 साली तो अहमदनगर, असई, अडगाव, गाविलगड असा फिरला, शिंदे-भोसल्यांना हरवून गेला आणि आपल्या पाठ्यपुस्तकांतून कायमचा बाहेर पडला. तिकडच्या पुस्तकांत तो येतो वॉटर्लूपासून. मधला आणि नंतरचा माणूस, म्हणजे खासदार, मंत्री, पंतप्रधान, पुन्हा सरसेनापती, कुणाच्याच वाट्याला धड येत नाही.

माझ्या ओळखीतल्या दोघांना मात्र तो अख्खा लागतो. एक आमचे सर. भोकरदनकडच्या शाळेत इतिहास शिकवत निवृत्त झाले, असईचं रान त्यांनी पायाखाली घातलेलं. दुसऱ्या त्यांच्याच विद्यार्थिनी, आता छत्रपती संभाजीनगरला उच्च न्यायालयाच्या खंडपीठात वकिली करतात. सरांचा वेलस्लीवर जुना राग, आणि वकीलबाईंना ड्यूकचं कौतुक. एका रविवारी सरांच्या ओसरीवर दोघांची जुंपली. जमेल तशी उतरवून देतो. मी फार बोललो नाही, पण जिथं राहवलं नाही तिथं बोललो.

सर : तू त्याला राजकारणी म्हणतेस, तिथंच माझं तुझं बिनसतं. अगं, तो शिपाईगडी. हुकूम सोडायचा आणि पाळून घ्यायचा, एवढीच त्याची विद्या. 1828 ला पंतप्रधान झाला, तर पहिल्या मंत्रिमंडळाच्या बैठकीनंतर म्हणे कुरकुरत होता, की मी हुकूम दिले आणि ही मंडळी त्यावर चर्चा करत बसली!

वकीलबाई : ‘म्हणे’वर केस उभी राहत नाही, सर. कागद बघा. 1790 ला हा आयरिश पार्लमेंटात ट्रिमचा सदस्य होता, वयाची एकविशी जेमतेम. लढाई पहिल्यांदा पाहिली ती फ्लँडर्समध्ये, 1794 ला. म्हणजे आधी राजकारण आणि मग लढाई. पुढे हिंदुस्थानातून परतल्यावर पुन्हा खासदार, 1807 ला आयर्लंडचा मुख्य सचिव. स्पेन-पोर्तुगालच्या मोहिमा त्यानंतरच्या.

सर : ट्रिम म्हणजे घरचं शेत गं. तिथं आधी एक भाऊ बसायचा, तो उठला म्हणून हा बसला. लेफ्टनंट कर्नलची जागा पैसे मोजून घेतलेली. हा इकडे आला 1797 ला आणि पुढच्याच वर्षी थोरले बंधू रिचर्ड गव्हर्नर जनरल म्हणून हजर. श्रीरंगपट्टणच्या खिंडारात तुकड्या घेऊन शिरला तो जनरल बेअर्ड, आणि शहराचा कारभार कुणाला? बंधुराजांना. बेअर्ड जन्मभर ते विसरला नाही.

वकीलबाई : वशिला होता, मी नाकारत नाही. पण वशिल्यानं पद मिळतं, सर. केळणेचा उतार वशिल्यानं सापडत नाही. तो तुम्हीच आम्हाला शिकवलात.

हे बरोबर बसलं. सर सरसावून बसले. असईचा विषय निघाला की त्यांच्या रागात एक वेगळीच रंगत येते, आणि ती त्यांना लपवता येत नाही.

सर : शिकवलं, कारण खरं आहे ते. 23 सप्टेंबर 1803. सकाळपासून चालून फौज दमलेली. कर्नल स्टीव्हन्सनची दुसरी फौज वेगळ्या वाटेनं यायची होती, दोन्ही मिळून दुसऱ्या दिवशी हल्ला करायचा असा बेत. आणि याला अचानक कळलं, की शिंदे-भोसल्यांची छावणी अगदी तोंडावर आहे. केळणेपलीकडे शिंद्यांची कवायती पलटणं, त्यांच्यावर पोलमन नावाचा हॅनोव्हरचा जर्मन, शंभराच्या वर तोफा आणि मैलच्या मैल पसरलेलं घोडदळ. वाटाडे सांगत होते, तोफांच्या तोंडासमोरचा सोडला तर नदीला दुसरा उतार नाही. यानं दुर्बीण लावली. खाली एका काठाला एक गाव, बरोबर समोर दुसऱ्या काठाला दुसरं. इंग्रजी कागदांत त्यांची नावं पिपलगाव आणि वरूर अशी येतात. हा म्हणाला, दोन गावं अशी समोरासमोर वसली असतील तर मध्ये ये-जा असणारच. माणूस पाठवून पाहिलं. उतार होता.

वकीलबाई : हेच मी म्हणतेय. वाटाड्याचं ऐकून गप्प न बसता त्यानं तिथल्या माणसांचा विचार केला. लेकी दिल्या-घेतल्या असतील, बैल विकले असतील, बाजार एक असेल.

सर : आता पुढचंही ऐक. उतरताना तोफेचा गोळा आला आणि त्याच्या शेजारच्या स्वाराचं डोकं उडालं. धड खोगिरात तसंच अडकलेलं, आणि घोडा ते घेऊन भडकून सैन्यातच नाचायला लागला. आणि पोलमननं काय केलं ते कुणी सांगत नाही. शत्रू समोरून न येता बाजूनं येतोय हे दिसल्यावर त्यानं अख्खी फळी तोफांसकट काटकोनात वळवली! केळणा आणि जुईच्या बेचक्यात उभी राहिलेली ती फळी म्हणजे आपल्याकडच्या कवायतीचा कळस होता. गोलंदाज तोफा सोडून पळाले नाहीत. फळी मोडली तेव्हा मेल्याचं सोंग घेऊन तोफांखाली पडून राहिले, इंग्रजांचे शिपाई पुढे गेले की उठले आणि पाठीमागून बत्ती दिली. वेलस्लीचं स्वतःचं एक घोडं गोळी लागून गेलं, दुसऱ्याला भाला लागला. त्याच्याकडचे 428 मेले, अकराशेवर जखमी. 98 तोफा त्याच्या हाती लागल्या खऱ्या, पण त्या रात्री तो गुडघ्यांत डोकं घालून बसला होता, असं त्याच्या बरोबरच्यांनीच लिहून ठेवलंय.

वकीलबाई : आणि म्हातारपणी कुणी विचारलं, तुमची सगळ्यात चांगली लढाई कोणती, तर वॉटर्लू नाही म्हणाला. असई म्हणाला.

सर : म्हणेल ना! त्याचं काय गेलं? देवगावच्या तहात भोसल्यांचं कटक इंग्रजांना आणि वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाला. सुर्जी-अंजनगावच्या तहात शिंद्यांचा गंगा-यमुनेमधला दुआब गेला, भडोच गेलं, अहमदनगर गेलं. गाविलगडावर किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मेला. आणि हा 1805 ला जहाजात बसला तेव्हा गाठीला सुमारे बेचाळीस हजार पौंड. आला होता तेव्हा कर्जात होता.

वकीलबाई : दोन्ही तह त्यानंच बोलणी करून केले, हे तुम्ही ओघात सांगून गेलात. 17 डिसेंबरला एक, 30 डिसेंबरला दुसरा. दोन शत्रूंना वेगवेगळं बसवून तेरा दिवसांत दोन कागदांवर सह्या. निव्वळ शिपायाला हे जमतं?

सर : दरोडेखोरालाही वाटणी करता येते.

(इथं मी चहा आणायला सांगितला. या वाक्यावर दोघंही अडून बसली असती.)

वकीलबाई : बरं, तुमचा असईचा राग बाजूला ठेवू, म्हणजे तो ठेवाच, मी काढून घेत नाही. पण मला त्या माणसात जे दिसतं ते जिंकण्यात नाहीच, सर. ते माघारीत आहे. 1810 ला फ्रेंच सेनापती मासेना पोर्तुगालात चालून आला. दुसरा कुणी असता तर नाकासाठी सरहद्दीवर लढून मेला असता. यानं वर्षभर आधी लिस्बनच्या उत्तरेला, टोरेस व्हेद्रासच्या डोंगरांवर गढ्या आणि मोर्चांच्या रांगा बांधायला घेतल्या होत्या, इतक्या गुपचूप की मासेनाला त्या समोर आल्यावरच कळल्या. हा मागे मागे येत आत शिरला आणि दार लावून बसला. लंडनमध्ये लोक भ्याड म्हणत होते. मासेना बाहेर उपाशी बसला आणि मार्च 1811 ला निघून गेला. हे धान्य-बैलांचं गणित तो दख्खनमध्ये शिकला. तांदूळ आणि बैल असले तर माणसं टिकतात, आणि माणसं टिकली तर लढाई जिंकता येते, असा त्याचा हिशेब.

सर : आणि त्या रांगांच्या बाहेरचा पोर्तुगीज शेतकरी? त्याला सांगितलं, गिरण्या मोड, धान्य पूर, घर सोड. ती माणसं हजारोंनी भुकेनं आणि रोगानं मेली. तुझा ड्यूक दार लावून बसला, ते दार कुणाच्या तोंडावर लावलं ते बघ. आणि 1812 ला बादाहोस घेतल्यावर त्याच्या सैन्यानं तीन दिवस त्या शहराचं काय केलं? ते शहर त्यांच्या दोस्तांचं, स्पेनचं होतं.

वकीलबाई : बादाहोसचं समर्थन मी करणार नाही.

सर : कर म्हणत नाही. फक्त पुढच्या कौतुकात ते ध्यानात असू दे.

खरा वाद पेटला तो आयर्लंडवरून. तिथली स्थिती थोडक्यात सांगायला हवी. पार्लमेंटात बसायचं तर अशी शपथ घ्यावी लागे, की कॅथलिक माणसानं ती घेतली तर त्याचा धर्मच बुडाला. आयर्लंडची बहुसंख्य प्रजा कॅथलिक. म्हणजे मत द्यायचं, पण निवडून द्यायचं ते दुसऱ्यांना. जुलै 1828 मध्ये डॅनियल ओ’कॉनेल हा कॅथलिक वकील क्लेअरच्या पोटनिवडणुकीला उभा राहिला आणि निवडून आला. कायद्यानं त्याला बसता येत नव्हतं. बसू दिलं नाही तर आयर्लंड पेटणार, हे स्पष्ट होतं. पंतप्रधान होता ड्यूक, पक्ष टोरी. कॅथलिकांना आत घ्यायचं नाही ही त्या पक्षातल्या बहुतेकांची भूमिका होती, आणि गृहमंत्री रॉबर्ट पील हा त्या विरोधाचा मोहरा.

वकीलबाई : अशा वेळी पुढारी काय करतात, आपण बघतोच. ताणून धरतात, गोळीबार होऊ देतात, मग चौकशी समिती. यानं काय केलं? सहा-सात महिने कुणाला पत्ता लागू दिला नाही. टोरेस व्हेद्राससारखंच बघा. आतल्या आत पीलला वळवला. मग चौथ्या जॉर्जला धरलं. राजानं आधी हो म्हटलं, मग फिरला, मार्च 1829 मध्ये सगळ्या सरकारचे राजीनामे घेतले आणि त्याच रात्री परत बोलावलं, कारण दुसरं कुणी सरकार बनवणारं नव्हतंच. लॉर्ड विंचिल्सीनं त्याच्यावर लबाडीचा आरोप केला, तर यानं त्याला बॅटर्सीच्या मैदानावर पिस्तूल घेऊन बोलावलं. चालू पंतप्रधान, वय साठीला आलेलं! यानं नेम चुकवला, त्यानं हवेत बार काढला, माफी लिहून दिली, मिटलं. आणि 2 एप्रिलला लॉर्ड्समध्ये उभं राहून जे बोलला त्याचा अर्थ असा, की मी तुम्हा बहुतेकांपेक्षा जास्त आयुष्य युद्धात काढलंय, त्यातही यादवी पाहिलीय, आणि ज्या देशाशी माझी नाळ आहे तिथं एका महिन्याची यादवी टळणार असेल तर मी जीव द्यायला तयार आहे. शंभराहून जास्त मतांनी विधेयक पास. सर, हे वाक्य दुसऱ्या कुणाच्या तोंडी शोभलं नसतं. बादाहोस पाहिलेल्या माणसाच्याच तोंडी शोभतं.

सर काही वेळ बोलले नाहीत. सुपारी कातरत राहिले. मला वाटलं, हरले. पण त्यांनी तेवढ्यात पुढची मांडणी जुळवली होती.

सर : छान मांडलंस. आता त्याच दिवसांतला दुसरा कायदा सांग.

वकीलबाई : कुठला?

सर : बघ, वकील आपल्या बाजूचाच कागद घेऊन येतो. ओ’कॉनेलला निवडून दिलं कुणी? चाळीस शिलिंगवाल्यांनी. वर्षाला चाळीस शिलिंगांची जमीन असलेला आयरिश शेतकरी, त्याला मत होतं. इतकी वर्षं जमीनदार सांगेल तिथं टाकत होता, क्लेअरला त्यानं जमीनदाराला झुगारलं. तुझ्या ड्यूकनं त्याच सपाट्यात ती पात्रता चाळीस शिलिंगांवरून दहा पौंडांवर नेली. म्हणजे पाचपट. आयर्लंडमधल्या मतदारांतले बहुतेक एका फटक्यात बाद. दरवाजा उघडला तो मोठ्या घरच्या कॅथलिकांना, आणि ज्यांनी तो धडका देऊन उघडायला लावला त्यांना अंगणातून हाकललं. आणि कोतेपणा किती? कायदा मागल्या निवडणुकीला लागू नाही, म्हणून ओ’कॉनेलला पुन्हा निवडून यायला लावलं.

वकीलबाई : सर, तडजोड अशीच होते. मी रोज करते. दोन्ही बाजूंना काहीतरी सोडावं लागतं, तेव्हा कन्सेंट टर्म्सवर सही होते. ती दुसरी अट नसती तर पहिला कायदा लॉर्ड्समध्ये मेला असता.

सर : तडजोडीला दोन पक्षकार समोर बसतात. चाळीस शिलिंगवाला कुठल्या खुर्चीवर बसला होता?

याला बाईंकडे उत्तर नव्हतं, आणि त्यांनी ते असल्याचं सोंगही आणलं नाही. मला त्यांचं हेच आवडतं. त्या म्हणाल्या, “ठीक आहे, तो डाग राहील. पण 1829 टळलं ते टळलंच.” सर म्हणाले, “टळलं की पुढे ढकललं?” मग विषय 1830 कडे गेला, आणि तिथं दोघांच्याही बाजू जरा डळमळल्या.

15 सप्टेंबर 1830 ला लिव्हरपूल ते मँचेस्टर या रेल्वेचं उद्घाटन होतं. पंतप्रधान ड्यूक खास सजवलेल्या डब्यात. दुसऱ्या डब्यात होते विल्यम हस्किसन, लिव्हरपूलचे खासदार. हे आधी ड्यूकच्याच मंत्रिमंडळात होते. 1828 मध्ये एका भ्रष्ट मतदारसंघाची जागा बर्मिंगहॅमसारख्या मोठ्या शहराला द्यायची की नाही, यावर त्यांनी सरकारविरुद्ध मत दिलं. मग रीतीप्रमाणे राजीनाम्याचं पत्र पाठवलं, समजूत काढतील अशा आशेनं. ड्यूकनं राजीनामा हा राजीनामाच मानला. सुंठीवाचून खोकला गेला. तर त्या दिवशी पार्कसाइड नावाच्या ठिकाणी गाडी पाण्यासाठी थांबली. उतरू नका असं सांगितलेलं असूनही मंडळी रुळांवर उतरली. हस्किसन जुनी कटुता मिटवायला ड्यूकच्या डब्याकडे चालत आले. ड्यूकनं हात पुढे केला, दोघांनी हस्तांदोलन केलं. एवढ्यात शेजारच्या रुळावरून स्टीफन्सनचं ‘रॉकेट’ इंजिन आलं. हस्किसन गडबडले, डब्याच्या उघड्या दाराला लोंबकळले, दार फिरलं आणि ते इंजिनाखाली आले. त्याच रात्री गेले.

ड्यूकला परत फिरायचं होतं. पण मँचेस्टरला प्रचंड गर्दी जमलेली, गाडी आलीच नाही तर दंगा होईल, असं तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं म्हणून तो पुढे गेला. तिथं त्याचं स्वागत झालं शिव्यांनी, सुधारणेच्या मागणीच्या फलकांनी आणि फेकाफेकीनं. तो डब्यातून उतरलाच नाही. गाडी तशीच परत फिरवायला लावली.

सर : आणि त्यानंतर सात आठवड्यांनी, 2 नोव्हेंबरला, हाच माणूस लॉर्ड्समध्ये उभा राहून सांगतो, की आपली निवडणुकीची व्यवस्था इतकी उत्तम आहे की हिच्याहून चांगली कुणाला रचता येणार नाही, आणि मी असेपर्यंत बदल होऊ देणार नाही! ओल्ड सॅरम म्हणजे ओसाड टेकडी. तिला दोन खासदार. मँचेस्टर एवढं गिरण्यांचं शहर, एकही नाही. कुठे गेली तुझी माघार? टोरेस व्हेद्रास कुठे गेलं? पंधरा दिवसांत सरकार पडलं.

वकीलबाई : ही त्याची घोडचूक. मी याचं समर्थन कधीच केलं नाही.

सर : चूक नाही, तोच खरा ड्यूक. 1829 चा अपवाद.

इथं मी तोंड उघडलं. मला दोघांचंही पटत नव्हतं. मी म्हटलं, सर, अपवाद नाही तो, आणि बाई, नुसती घोडचूकही नाही. तो माणूस जन्मला डब्लिनला, वाढला आयर्लंडमध्ये, तिथला आमदार म्हणा हवं तर, मग तिथला मुख्य सचिव. आयरिश खेड्यात जमीनदार कोण, पाद्री कोण, कुणाचं कुणाशी वाकडं आहे, हे त्याला ठाऊक होतं. केळणेच्या काठावर दोन गावं पाहून त्याला उतार कळला, कारण काही वर्षं तो दख्खनमध्ये बैल आणि धान्य गोळा करत फिरला होता, गावं कशी वसतात हे त्यानं पाहिलं होतं. मँचेस्टर त्यानं पाहिलं आगगाडीच्या डब्यातून, तेही माणूस डोळ्यांसमोर चिरडलेला असताना. गिरणीत राबणारी माणसं, झपाट्यानं वाढणाऱ्या वस्त्या, या रानात तो कधी पायी फिरलाच नव्हता. जिथली जमीन त्याच्या ओळखीची, तिथं तो वेळेवर मागे हटला. अनोळखी ठिकाणी तो वाटाड्यांवर विसंबला, आणि ते सगळे ओल्ड सॅरमचे होते.

सर : तू त्याला फार स्वस्तात सोडतोयस. ठाऊक नव्हतं म्हणजे? तो पंतप्रधान होता. असईला दुर्बीण लावायला वेळ मिळाला आणि मँचेस्टरला खाली उतरून पाहायला नाही?

वकीलबाई : त्या दिवशी उतरला असता तर जिवंत परतला असता का, हेही बघा ना.

सर : असईला नदी उतरताना हा प्रश्न नव्हता पडला.

हे सरांचं वाक्य मला आजही खोडता येत नाही.

पुढचं बोलणं मग पळत पळत झालं. एप्रिल 1831 मध्ये त्याची बायको किटी गेली. प्रेत घरात असतानाच सुधारणावादी जमावानं त्याच्या ॲप्सली हाउसच्या काचा फोडल्या. त्यानं पुढे खिडक्यांना लोखंडी झडपा बसवल्या. मे 1832 मध्ये सुधारणा विधेयकावरून पंतप्रधान ग्रेचं सरकार अडलं आणि नव्या राजानं पुन्हा ड्यूकला बोलावलं. त्याला मंत्री मिळेनात, पीलसुद्धा आला नाही. तेव्हा कुठे तो विरोध सोडून घरी बसला, आणि त्याच्यामागोमाग बरेच टोरी लॉर्डही. बाईंच्या मते हीसुद्धा माघारच. सर म्हणाले, “मार खाऊन पळणं आणि माघार यात फरक असतो, आणि तो तुझ्या ड्यूकनंच जगाला शिकवला.” 18 जूनला, वॉटर्लूच्या वर्धापनदिनी, लंडनच्या रस्त्यात जमाव त्याच्या अंगावर धावून गेला. सुधारणा कायदा होऊन अकरा दिवस झाले होते.

1846 चा धान्य कायदा रद्द करण्याचा प्रसंग बाईंनी अभिमानानं सांगितला. ड्यूकचा स्वतःचा त्याला फारसा पाठिंबा नव्हता. पण राणीचं सरकार चालणं धान्याच्या भावापेक्षा महत्त्वाचं, या हिशेबानं त्यानं लॉर्ड्सना वळवलं आणि पीलचं विधेयक तारलं. 10 एप्रिल 1848 ला मताधिकार मागणाऱ्या चार्टिस्टांनी केनिंग्टनच्या मैदानावर सभा बोलावली, तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या ड्यूकनं लंडनच्या बंदोबस्ताची आखणी केली, पण सैन्य लोकांच्या नजरेला पडेल असं कुठेही उभं केलं नाही. रस्त्यावर दिसले ते साधे पोलीस. रक्त न सांडता दिवस गेला. सरांनी ही गोष्ट मान खाली घालून ऐकली आणि “हे मला आवडलं” असं म्हणाले. त्यांच्या तोंडून वेलस्लीबद्दल मी ऐकलेलं हे एकमेव चांगलं वाक्य.

पण लगेच त्यांनी हिशेब पुरा केला. 1842 पासून मरेपर्यंत ड्यूक सरसेनापती होता. पैसे देऊन हुद्दे विकत घ्यायची पद्धत तशीच, फटक्यांची शिक्षा तशीच, दाणागोट्याची व्यवस्था वीस-तीस वर्षं गंजलेली. ज्यानं दख्खनमध्ये बैलांच्या जिवावर लढाया जिंकल्या, त्याच्याच सैन्याला क्रिमियात घोंगड्या मिळेनात. 14 सप्टेंबर 1852 ला तो वॉल्मर कासलला वारला, क्रिमियाचं युद्ध दोन वर्षांत आलं, आणि तिथला सेनापती होता त्याचाच जुना लष्करी सचिव, लॉर्ड रॅग्लन.

बाई निघाल्या तेव्हा दिवस कलला होता. वाद सुटला नाही आणि सुटायचाही नाही. माझा कौल मी देऊन टाकतो. सेनापती म्हणून असईचं त्याचं काम मोठं, आणि ते आपल्या मुलखाच्या जिवावर उठलेलं, ही दोन्ही वाक्यं एकाच माणसानं एका दमात म्हणायला हरकत नाही. राजकारणी म्हणून 1829 चं श्रेय वकीलबाई देतात तेवढं त्याला द्यावं, पण सरांनी दाखवलेली वजाबाकी करून. ती वजाबाकी लहान नाही. 7 जून 1832 ला सुधारणा कायदा झाला, ओल्ड सॅरम गेलं आणि मँचेस्टरला दोन खासदार मिळाले. आयर्लंडसाठी त्याच वर्षी वेगळा कायदा झाला. त्यात काउंटीतल्या स्वतःच्या जमिनीवरच्या मताची अट दहा पौंडांचीच राहिली. चाळीस शिलिंगवाल्यांना मत परत मिळालं नाही.